स्थायी समितीच्या दाराबाहेर

आपण आपल्या चळवळीचा इतिहास सांगतो तो परिषदांचा, मोर्च्यांचा, सत्याग्रहांचा. तो तसा सांगायलाच हवा. परंतु या इतिहासाचा बराच मोठा भाग नगरपालिकेच्या कचेरीतल्या एका लांबट टेबलाभोवती घडून गेला आहे आणि त्याची दखल आपण फारशी घेतलेली नाही. त्या टेबलाभोवती घोषणा होत नाहीत. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय क्रमांक दोन, अमुक गल्लीतील गटाराच्या दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देणे. विषय क्रमांक तीन, दिवाबत्तीच्या सामानाच्या निविदा उघडणे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. वाचताना झोप येते. पण कोणत्या वस्तीत नळ जाणार आणि कोणत्या वस्तीत जाणार नाही, ते याच झोप आणणाऱ्या कागदावर ठरते. मला या लेखात त्या कागदाविषयी लिहायचे आहे.

माझा या कागदाशी संबंध लहानपणापासूनचा आहे. माझे वडील एका नगरपालिकेत शिपाई होते. गावाचे नाव सांगत नाही. त्या गावाला एकट्याला दोष द्यावा असे काही त्यात नाही. हकीगत १९६०-६५ च्या सुमाराची. सभेच्या आधी कार्यक्रमपत्रिकेचे कागद सभासदांच्या घरोघर पोचवण्याचे काम वडिलांकडे असे. काही घरांत कागद हातात दिलेला चालत नसे. ओट्यावर ठेवायचा, वर दगड ठेवायचा आणि हाक मारून निघायचे. वडिलांना वाचता येत नव्हते. कागदांचे पुडके आदल्या रात्री घरी येई आणि कंदिलाच्या उजेडात त्यातला एक कागद मी त्यांना वाचून दाखवी. मी तेव्हा पाचवीत असेन. शाळेच्या पुस्तकाआधी मला 'गोषवारा', 'तहकूब', 'अवलोकनार्थ' हे शब्द आले ते असे.

त्या वर्षी आमच्या वस्तीत सार्वजनिक नळ बसविण्याचा विषय कागदावर आला. वडिलांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्या सभेत विषय तहकूब झाला. पुढच्या सभेला पुन्हा आला, पुन्हा तहकूब. तिसऱ्या वेळीही तसेच. चौथ्या वेळी मी सगळा कागद वाचला आणि थांबलो. वडील म्हणाले, "आपला विषय वाच ना." मी म्हटले, "नाही बाबा, यात नाही." ते म्हणाले, "नीट बघ, मागल्या अंगाला असेल." मागले अंग कोरे होते.

नळाचे पैसे कचेरीच्या कुंपणाची भिंत बांधण्याकडे वळवले होते, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. एका शीर्षाखालची शिल्लक दुसऱ्या शीर्षाखाली टाकण्याला 'पुनर्विनियोजन' म्हणतात, हेही मला तेव्हाच कळले. यात कोणीही अस्पृश्यता पाळली नव्हती. कोणी शिवी दिली नव्हती, कोणी विटाळ मानला नव्हता. ठरावावर 'सर्वानुमते' असे लिहिले होते आणि ज्यांच्यावर अस्पृश्यता कायद्याखाली खटला भरावा असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा त्या भिंतीपुढे काय करणार?

ही हकीगत मी रडगाणे म्हणून सांगत नाही. अशा हकीगती प्रत्येक वस्तीत आहेत. मला विचारायचे आहे ते असे, की ज्या समाजाच्या दोन सर्वांत मोठ्या पुरुषांनी सार्वजनिक पैशाचा हिशेब इतक्या बारकाईने पाहिला, त्या समाजाच्या चळवळीने तो पाहण्याचे का सोडले?

पहिले जोतीराव फुले. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. मुलींची शाळा काढणारे जोतीराव आपल्याला ठाऊक आहेत. १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा करणारे जोतीरावही ठाऊक आहेत. नगरपालिकेच्या सभेत बसलेले जोतीराव मात्र चरित्रांत दोन-तीन पानांतच आटोपतात. वस्तुतः तेथेही ते तेच काम करीत होते. जुलै १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे काम पाहणाऱ्या प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध तक्रार केली. एरवी समितीपुढे नेहमीच्या कामकाजात येऊन जाणारा हा विषय. कोणाच्या उत्पन्नासाठी कोणाचे संसार मोडायचे, असा प्रश्न त्यातून त्यांनी उभा केला.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉयच्या पुणे-भेटीच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. जोतीरावांचे म्हणणे असे, की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा. बत्तीस नियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. या प्रसंगाकडे आपण जोतीरावांच्या निर्भयतेचा दाखला म्हणून पाहतो. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या पाहुण्याविरुद्ध हात वर करायचा, हे धैर्याचेच काम. पण मला त्यात आणखी काही दिसते. जोतीराव नुसते 'हा खर्च नको' म्हणाले नाहीत. त्या हजार रुपयांना त्यांनी दुसरे शीर्ष सुचवले. पैसा कोठून काढायचा आणि कोठे घालायचा हे एकाच वाक्यात सांगणारा सभासद समितीला फार अडचणीचा असतो. विरोधाला उत्तर देता येते. पर्याय दिला, की पहिला खर्च का करायचा हे सांगावे लागते.

पुण्याच्या नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्यालाही त्यांचा विरोध होता. इमारत झालीच, १८८६ साली ती उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. ज्या खर्चाला ज्याने हरकत घेतली त्याचेच नाव त्या खर्चाला द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुढे आपणही तीच चालवली, त्याविषयी नंतर.

जोतीरावांच्या हिशेबाच्या मुळाशी जकात होती. म्युनिसिपालिटीचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः जकात, आणि ती शहरात येणाऱ्या मालावर बसे. माळ्या-कुणब्याच्या भाजीच्या पाटीवर ती बसली, की शेवटी ती बाजारात पैशापैशाने जिन्नस घेणाऱ्याच्या खिशातूनच जायची. शहरातला शेटजी आणि शहराबाहेरचा महार-मांग दोघेही नगरपालिकेची तिजोरी भरत होते. रिती मात्र एकाच्याच आळीत व्हायची. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा आहे, म्हणजे जोतीराव नगरपालिकेतून बाहेर पडल्यावर लगेचचा. त्यात सरकारी करांबरोबर म्युनिसिपालिटीची वसुलीही येते, ती पुस्तकी माहितीवरून आलेली नाही. सहा वर्षे टेबलाजवळ बसल्यावर आलेली आहे.

या टेबलाभोवती बसायचे कोणी? आमच्या वसईची नगरपालिका १८६४ ची. महाडची त्याच दशकातली. प्रारंभी सारेच सभासद सरकार नेमी. १८८२ साली रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि निवडणुकीचे वारे आले. पण मत कोणाला, तर कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. ज्याची झोपडी गावकुसाबाहेर, त्याच्या झोपडीला घरपट्टीही नाही आणि मतही नाही. जकात त्याने भरली त्याची पावती त्याच्याजवळ कोठून असणार? मुंबईत १८७२ च्या कायद्याने बारा जणांचे टाउन कौन्सिल केले आणि १८८८ च्या कायद्याने त्याचीच स्थायी समिती झाली. मोठ्या सभेने चर्चा करावी आणि पैशाच्या किल्ल्या एका लहान समितीकडे असाव्यात, ही रचना तेव्हाची. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ बदलले, ही रचना बदलली नाही.

आता महाडकडे येतो. चवदार तळ्याची कथा या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तिच्यातला नगरपालिकेचा धागा तेवढा मी वेगळा काढतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. बोले भंडारी समाजातले. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर हा समाज मोठ्या संख्येने आहे. पण मी वर्गात बोल्यांचे नाव विचारी तेव्हा एखादाच हात वर होई. या ठरावात कोठेही धर्मशास्त्राचा वाद नाही, हे पाहण्यासारखे आहे. त्याचा सारा भार 'सार्वजनिक पैसा' या दोन शब्दांवर आहे. ज्या विहिरीला सर्वांचा पैसा लागला ती विहीर सर्वांची, इतका साधा तो हिशेब.

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला. आशय असा, की तळे अस्पृश्यांना खुले करण्यास नगरपालिकेची हरकत नाही. ज्याने सभांचे कागद वाचले आहेत त्याला 'हरकत नाही' या शब्दांचा अर्थ कळतो. हरकत नसणे फुकट असते. तळ्यावर पाटी लावायची तर पाटीचा खर्च मंजूर करावा लागतो. पाणी भरणाऱ्याला कोणी अडवू नये म्हणून शिपाई ठेवायचा तर त्याचा पगार कोणत्या तरी शीर्षाखाली दाखवावा लागतो. अस्पृश्यांनी तळ्यावर पाऊल ठेवलेच नाही आणि ठराव दप्तरात पडून राहिला. बोल्यांना हे दुखणे बरोबर कळले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कायदेमंडळात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिला ठराव आपण पाठ केला, दुसरा विसरलो. माझ्या मते दुसरा अधिक महत्त्वाचा. अंमल न करण्याला काही किंमत मोजावी लागली पाहिजे, हे त्यात प्रथमच मांडले गेले.

बाबासाहेब महाडला आले ते अशा वेळी. त्यांच्याकडे आपण कायदेपंडित म्हणून पाहतो, घटनाकार म्हणून पाहतो. ते मुळात सार्वजनिक अर्थव्यवहाराचे विद्यार्थी होते हे मागे पडते. कोलंबियातला त्यांचा १९१५ चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची अर्थव्यवस्था यांवर. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून त्यांनी पहिले भाषण केले ते २४ फेब्रुवारी १९२७ रोजी, आणि ते अंदाजपत्रकावर होते. मूठभर जमीन कसणाऱ्यालाही सारा सुटत नाही आणि प्राप्तिकराला मात्र खालची मर्यादा आहे, ही विषमता त्यांनी तेथे दाखवली. त्यानंतर पंचवीस दिवसही पुरे झाले नाहीत तोच, २० मार्च १९२७ रोजी, ते चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. अंदाजपत्रकावर बोलणारा माणूस आणि तळ्यातले पाणी ओंजळीत घेणारा माणूस आपण दोन वेगळ्या धड्यांत ठेवले आहेत. तो एकच होता.

त्या परिषदेच्या खर्चातली एक बाब अशी, की जमलेल्या लोकांना प्यायला पाणी नव्हते म्हणून चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. गावात नगरपालिकेचे तळे भरलेले. ते खुले आहे असा नगरपालिकेचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव दप्तरात. आणि पाण्याचे चाळीस रुपये अस्पृश्यांच्या वर्गणीतून. महाडचा सत्याग्रह ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने या तीन नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात. त्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते आणि ते बाबासाहेबांच्या बाजूचे होते, हीही नोंद जोडावी. अध्यक्ष आपल्या बाजूचा असून भागत नाही, हे १९२७ सालीच दिसून आले होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मारहाण झाली. एकशे आठ घागरींनी तळ्याचे शुद्धीकरण झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा तिच्या आधी स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. त्या दाव्यात त्यांनी काय म्हणावे? तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे! ज्या तळ्यावर गावाचा हक्क म्हणून ते मिरवत होते, ते कोर्टात गावाचे नाही असे त्यांना म्हणावे लागले. कारण एकदा ते नगरपालिकेचे ठरले, की सार्वजनिक पैशाचा हिशेब लागू होतो आणि मग कोणाला अडवता येत नाही. हा मुद्दा आपल्यापेक्षा त्यांना चांगला कळला होता असे म्हणावेसे वाटते. दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना अडवण्याची अनादी वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही.

महाडनंतर नगरपालिकांशी आपला संबंध वाढला तो मुख्यतः चाकरीचा. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आपली माणसे होतीच. आरोग्य खात्याच्या पगारपत्रकात होती. झाडू, मैला, गटार. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला, तो या माणसांसाठी. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करा, हातगाड्या द्या, अवजारे द्या, घरे द्या, हे सगळे अहवालांत आले. हातगाडी घ्यायची तर पैसे कोणी मंजूर करायचे? पुन्हा तीच समिती, तेच टेबल. १९७५ साली लाड समितीच्या शिफारशींवरून वारसाहक्काने नोकरी देण्याचे धोरण आले. त्याच्याविषयी माझे मन नेहमी दुभंगते. कुटुंब उपाशी राहू नये म्हणून ते हवे होते. आणि बापाचा झाडू मुलाच्या हातात देण्याला सरकारी शिक्काही त्यानेच दिला. पुढे हीच कामे ठेकेदाराकडे गेली. पगार 'आस्थापना' या शीर्षातून निघून 'ठेका' या शीर्षात गेला आणि मेलेल्या माणसाचे नावही मग नगरपालिकेच्या वहीत राहिले नाही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा कायदा झाला. एप्रिल २०२४ मध्ये आमच्या विरारला ग्लोबल सिटीत एका खासगी सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले.

दुसरा संबंध राखीव जागांचा. ग्रामपंचायत विधेयकावर ऑक्टोबर १९३२ मध्ये बोलताना बाबासाहेबांनी पंचायतीत अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले होते. त्याशिवाय ही स्थानिक सत्ता आपल्या गळ्याला फास ठरेल, ही त्यांची भीती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९२ साली, नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. महापौरपदही पाळीपाळीने राखीव झाले. त्याच्याही आधी १९५९-६० मध्ये दलित समाजातले पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले होते आणि आपल्या वस्त्यांत त्याचा अभिमान होता.

आता स्थायी समितीची रचना पाहा. मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांना १९४९ चा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे स्थायी समितीत सोळा सभासद. त्यांतले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात ते प्रथम या समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार करते आणि मग ते सर्वसाधारण सभेकडे जाते. ठराविक रकमेवरचे ठेके याच समितीने मंजूर करायचे. सोळा जण येतात ते पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात. या सोळांत अनुसूचित जातीला राखीव जागा नाही. सभागृहात जागा राखीव, महापौराची खुर्ची राखीव, आणि किल्ल्या जेथे आहेत त्या खोलीला आरक्षण नाही. राखीव प्रभागातून निवडून आलेला आपला सभासद त्या खोलीत जातो तो त्याच्या पक्षाने पाठवला तर. जो पक्ष पाठवतो तो कोणाला पाठवणार? जो मागल्या अंगाचा कोरा कागद उलटून पाहणार नाही त्याला. माझे हे विधान कडवट वाटेल. ज्यांना तसे वाटते त्यांनी आपापल्या शहरातल्या गेल्या दहा वर्षांच्या सोळा जणांच्या याद्या मिळवाव्यात आणि त्यांत आपली नावे मोजावीत.

आणि मग ते पाच टक्के. शासनाच्या आदेशांप्रमाणे महानगरपालिका आणि नगरपालिका यांनी अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम मागासवर्गीय आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायची असते. ग्रामपंचायतीला तिच्या उत्पन्नातले पंधरा टक्के, जिल्हा परिषदेला वीस टक्के. हा पैसा उपकाराचा नाही. जोतीरावांच्या काळातल्या जकातीची ती थकबाकी आहे. पण त्यातून होते काय? वस्तीच्या तोंडाशी कमान. पेव्हर ब्लॉक. समाजमंदिर, ज्याचे कुलूप जयंतीला निघते. आपलेच कार्यकर्ते कमानीसाठी अर्ज करतात, कमानीवर नाव कोणाचे यावर भांडतात, आणि आतल्या गल्लीत गटार उघडे असते. फुले मंडईची गोष्ट वर सांगितली ती याचसाठी. नाव आपले आणि ठेका त्यांचा, हा सौदा आपण वारंवार मान्य केला आहे. मी स्वतः तरुणपणी एका मंडळाचा चिटणीस असताना वाचनालयासाठी अर्ज घेऊन गेलो आणि प्रवेशद्वाराच्या मंजुरीचे पत्र घेऊन आलो. हार घालून घेतला, हेही लिहून ठेवतो.

मी राहतो त्या सांडोरविषयी थोडे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातले हे गाव. वाड्या, बावखले, चर्च, केळी-फुलांची शेती, आणि कडेकडेला आमच्यासारख्यांची थोडी घरे आणि आदिवासी पाडे. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे वगळा म्हणून मोठे आंदोलन झाले. हिरवा पट्टा जाईल, बावखले बुजतील, घरपट्टी वाढेल, ही लोकांची भीती खोटी नव्हती. त्या आंदोलनाच्या सभांना मीही गेलो. परंतु एक प्रश्न त्या सभांत मला ऐकू आला नाही, ना गावे वगळा म्हणणाऱ्यांकडून, ना गावे घ्या म्हणणाऱ्यांकडून. ज्या गावाची ग्रामपंचायत जाते त्या गावातल्या मागासवर्गीयांच्या वाट्याचे पंधरा टक्केही जातात आणि त्यांच्या जागी पाच येतात. महानगरपालिकेची तिजोरी मोठी, म्हणून पाच टक्के रकमेने अधिक भरतील, हे खरे. पण पंधरा टक्क्यांचा हिशेब ग्रामसभेत उभे राहून विचारता येत होता. पाच टक्क्यांचा हिशेब शेकड्यांनी पाने असलेल्या अंदाजपत्रकात शोधावा लागतो आणि त्यात सांडोरचे किती हे वेगळे लिहिलेले नसते. गाव आत जावे की बाहेर राहावे यावर इतके बोलले गेले. गावकुसाबाहेरच्यांचे काय होणार, हा प्रश्न नेहमीप्रमाणे विषयपत्रिकेवर नव्हता. आणि मीही तो उठून विचारला नाही.

पुढे तर समितीच राहिली नाही. जून २०२० मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली. आधी कोरोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला. पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांची हीच अवस्था झाली. त्या काळात स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. म्हणजे आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करायचे, प्रशासक म्हणून ते स्वतःपुढेच ठेवायचे आणि स्वतःच मंजूर करायचे. राखीव प्रभागातला एखादा सभासद निदान तहकुबीला विरोध नोंदवू शकला असता. तीही सोय गेली. याविरुद्ध दलित संघटनांचा मोठा मोर्चा निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पुतळ्याच्या जागेसाठी मात्र याच वर्षांत निघाले. पुतळ्याला माझा विरोध नाही. पुतळ्याच्या हातातले पुस्तक कोणत्या विषयाचे असेल याचा विचार व्हावा, इतकेच.

आमच्याकडे चार-पाच कॉलेजची मुले-मुली गेल्या हिवाळ्यापासून रविवारी सकाळी जमतात. अंदाजपत्रकाचे पुस्तक मध्ये ठेवतो. पहिले दोन रविवार 'महसुली' आणि 'भांडवली' यांतच गेले. तिसऱ्या रविवारी एका मुलीने पाच टक्क्यांच्या पानावर बोट ठेवून विचारले, "सर, तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने आहेत. आपण सभेत कोणता आकडा सांगतो?" मी म्हटले, पहिला. ती म्हणाली, "मग तिसरा कोण सांगणार?" तेव्हापासून आम्ही तिसऱ्या रकान्याची वही केली आहे. ज्यांना आपल्या गावात हे करायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की अंदाजपत्रक छापून आल्यावर जाण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर खात्यांच्या मागण्या गोळा होऊ लागतात, तेव्हा प्रभाग कचेरीत जावे आणि वस्तीचे काम लेखी द्यावे, पोच घ्यावी. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च माहितीच्या अधिकारात मागावा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाने अर्ज केला तर तोही लागत नाही. आमच्या वहीत तिसरा रकाना अजून पुष्कळसा रिकामा आहे.